पहिल्या हाकेला वळायचं नाही

तीर्थरूप अमृतमामांस,

डहाणूहून भाविनीचा साष्टांग नमस्कार. लंडनच्या गारठ्यात तुमचे गुडघे कसे आहेत? इथे सगळे ठीक, मी तेवढी सोडून.

मासळी खारवून बायकांच्या हातांना भेगा पडतात, त्यावर मी इथल्या नरपड गावात अभ्यास केला. तो तुमच्या तिकडच्या एका वैद्यकीय मासिकाने स्वीकारला. पेढे वाटून झाल्यावर कळलं, की लेख वाचायचा तर वाचणाऱ्याने पैसे भरायचे; सगळ्यांना मोफत वाचू द्यायचा तर मी भरायचे. मला निधी मिळाला होता तो अभ्यासाला, अभ्यास कुणी वाचावा याला नाही. फार गरीब देशांना शुल्क माफ असतं. आपण म्हणे तेवढे गरीब नाही, म्हणून अर्धं. (मला उगाच अभिमान वाटला. संध्याकाळपर्यंत टिकला.) इकडे तलासरीच्या दवाखान्यातल्या रूपी सिस्टरकडे बोटींवरून परतलेले खलाशी तसलेच हात घेऊन येतात, आणि ती रोज विचारते, लेख उघडला का.

लेखात फोटो आहे तो नरपडच्या चंद्रावतीकाकींच्या हाताचा. त्या म्हणाल्या, "हात माझा, आणि बघायला पैसे मी द्यायचे?" आणि घासाघीस स्वतःकडे घेतली. जन्मभर मासळी विकल्यामुळे गिऱ्हाइकांच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ. वापरायची संधी मात्र पहिलीच.

बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली लॅपटॉप मांडून मासिकाच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. काकींनी पाव भाव सांगितला (मी भाषांतर करताना शक्य तितका नम्र केला). बाई गोड हसून अर्ध्यावर ठाम. मग काकींनी पदर खोचला, माझं मनगट धरलं, आणि कॉल तसाच चालू ठेवून आम्ही दोघी पाठ फिरवून किनाऱ्याने चालू लागलो. मागून बाई माझ्या नावाने हाक मारत होत्या. आवाजात काळजी होती, माझा जीव तुटत होता.

"वळू नको," काकी दातांतून म्हणाल्या. "पयल्या हाकेला वळली का भाव गेला."

दुसऱ्या हाकेआधी नेटवर्क गेलं. परत आलो तर लॅपटॉपवर मांजर बसलेलं. मामा, मला वाटून गेलं, आजवर मी प्रत्येक पहिल्या हाकेला वळत आले. म्हणूनच बहुधा सगळं पूर्ण किमतीला पडलं.

तुमची भाची,
भाविनी

ता. क. गिऱ्हाईक पाठ फिरवून जातं तेव्हा त्याची सोबतीण टोपलीपाशी घुटमळते आणि हळूच सुचवते, "बोलव तिला, येईल." तुम्ही त्या मासिकाच्या कचेरीत जाऊन तेवढं घुटमळाल का?

ता. क. २. आत्ताच मेल आली. आम्ही कशाला तरी भिऊन पळालो असं वाटून त्या बाई वरिष्ठांकडे गेल्या आणि सगळं शुल्क माफ करून आल्या. रूपी सिस्टर लेख वाचतेय. तुम्ही जाऊ नका.

ता. क. ३. नाही, तुम्ही जाच. काकी म्हणतात, फुकट देतायत म्हणजे माल शिळा असणार. मामांना म्हणावं, एकदा वास घेऊन या.