डाव्या बाजूची मान

२ फेब्रु., सोम.
मान पुन्हा धरली. डावीकडूनच. लोणखेड्याच्या दुकानात तीस वर्षं पाण्याच्या मोटारी ऐकतोय. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानाशी, वाकून. बेअरिंग गेलं की नाही, उघडायच्या आधी सांगतो. त्यावरच तर दोन गाळे झाले. सलूनवाला म्हणे, "एक झटका देऊ का, आण्णा?" नको बाबा. मोटार असती तर दिला असता.

३, मंगळ.
शहाद्याच्या फिजिओथेरपिस्ट बाई. पोरगीच, पण हात पारखी. उजवा तळवा डोक्यावरून डाव्या कानावर, मान हळू उजवीकडे, दहा आकडे. मग दुसरी बाजू. ओढायचं नाही. "काका, दर वेळी डावाच कान का लावता? बाजू बदला."
खरंच, का? सवय. दुसरं काय.

५, गुरु.
व्यायाम. बायको, सुमन, मागे बसून आकडे मोजते. उजवा कान झाकला तेव्हा ठीक. डावा झाकला तर... ती एकदम पुढे आली. "दहा कव्हयच व्हई ग्यात! ध्यान कथं शे तुमनं?" म्हटलं, शेजारच्या गिरणीचा आवाज.
गुरुवारी गिरणी बंद असते.

६, शुक्र.
दुकानात कुणी नसताना उजवा कान लावला. वाटलं, लाइट गेली. हाताला मात्र मोटार थरथरतेय. डाव्याने ऐकलं, बेअरिंगची खरखर स्वच्छ. पुन्हा उजवा. चार मोटारी केल्या. पुरे.

७, शनि.
तापीकाठचे पटेल केळीच्या बागेची मोटार घेऊन. म्हटलं, उघडून बघू. "उघडाले टाइम कोठे शे, मिस्तरी? तुमना कान लावा, बस." चार गिऱ्हाइकं बघत उभी. लावला, डावाच. पास केली. घरी येईपर्यंत डोक्यात तीच मोटार. आहे तो एक कान. तोही असाच, न कळवता गेला तर? मग दुकानात माझं काय काम?

१०, मंगळ.
मान मोकळी. दोन्हीकडे फिरते. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरकडे उद्या ११ वा. सुमनला सांगितलं, माल आणायला जातोय.
आज तिने आकडे म्हटलेच नाहीत. माझ्या खांद्यावर बोटाने एकेक टिचकी. दहा. मग समोर येऊन म्हणाली, "सकाय मी बी येसू."
म्हटलं, साडेनऊची बस आहे.