शेवटचा शब्द

३ जून
आले बाई एकदाची नातीच्या घरी! चौथा मजला, लिफ्ट रुसलेली. गुडघ्यांनी पायरीपायरीला मला शिव्या घातल्या. मला अक्षर येत नाही, म्हणून नातीनं एक डबी दिलीय. मी बोलायचं, तिचा प्रोग्राम लिहून घेणार. माझं बोलणं म्हणे सर्व्हरकडे अख्खं जात नाही, तुकड्यातुकड्यांनी जातं. तो तुकडे जोडत बसतो आणि मी ‘संपलं’ म्हटलं की मगच रोजनिशीत मांडतो. बाकीच्यांना लांबीची मर्यादा आहे, माझी काढून टाकली. तुझी बडबड कशातच मावत नाही, म्हणाली. आगाऊ मेली! संपलं.

४ जून
नातीचं स्वयंपाकघर पाहिलं. भांडी लखलखीत, वापरायला नकोत ना! दुधाचं पातेलं तेवढं एक— अगं बाई, उतू चाललं— नातीचा कप फुटला. संपलं.

५ जून
दुधापायी काल शेवटचा शब्द राहिला, सर्व्हर रात्रभर तोंड वासून बसला. सकाळी नातीनं जमलेले तुकडे वाचून दाखवले. ‘नातीचा कप फुटला’ हे माझ्या आवाजात आलंय, पण मी ते बोललेच नाही! वय झालं तुझं, म्हणाली कार्टी, चहा पीत. मी फणकाऱ्यानं शेवटचा शब्द म्हटला. कप तिच्या हातातच फुटला.
आज लवकर आवरते. संपलं.

६ जून
जपून बोलते. ऊन आहे. गुडघा ठणकतोय. म्हातारे, नातीचं बोट दारात चेमटलं. —हे मी नाही बोलले, डबीतूनच आलं! नात म्हणते, नाटकं पुरे. नको गं, तो शब्द नको— डबी ओढून घेतलीन माझ्याकडून— संपलं.

७ जून
बोट काळंनिळं. आज मी तोंड उघडायच्या आत तुकडा आलाय. नातीनं वाचला, पांढरीफटक पडली. ‘नात जिन्यावरून पडली, मान—’ पुढचं अजून यायचंय.
डबी बंद केली तर तोही शेवटच, म्हणाली. त्या दुधाच्या रात्रीनंतर तिनंच बसवलंय, मिनिटभर गप्प राहिलं तरी शेवट. सर्व्हरच उपटला तर तुकडे वाया जातील. तो तिच्या ऑफिसात. निघाली. जिन्यानं! हाका मारल्या, ऐकेल तर शपथ.
मी बोलत राहते. बोलतेय तोवर शेवट नाही.
पावलं वाजतायत— तिसरा मजला— कठडा धर गं— न्हाऊ घालताना किती रडायचीस— म्हातारे, गप्प बस— नाही बसत, जा— दुसरा— घसा सुकला— पाणी लांब आहे— बडबड म्हणायचीस ना, घे— पहिला— थोडंच राहिलं, सोने— दम—
माझ्याच आवाजात, माझ्याआधी, कुणीतरी सं—