दहावा अनोळखी

५ मार्च, बुधवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. कारण तसंच मोठं आहे. शुक्रवार ते रविवार आमच्या ताईनान शहरात तळ्याकाठच्या बागेत ‘रानवाट’ या फोनगेमचा मेळा आहे. तीन दिवसांत दहा अनोळखी माणसांशी समोरासमोर प्राण्यांची अदलाबदल केली की चंद्रकासव मिळतं. अनोळखी म्हणजे जो आपल्या मित्रयादीत नाही तो. आधी त्याला यादीत घ्यायचं, मग अदलाबदल. नियम स्वच्छ आहेत. मला असे नियम आवडतात.

माझ्या यादीत सध्या एक नाव: बी-युन, मैत्रीचे ६९६ दिवस. बी-युन म्हणजे माझी बायको.

दुपारी १.३०
पैज लागली. बी-युनचं म्हणणं, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तुम्हाला कुत्रं विचारत नाही. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली येते, गप्पा मारते, आणि तुम्ही दिसलात की गप्प होते. मी म्हटलं, गप्प होत नाहीत, रांगेत उभे राहतात. रांगेसाठी खडूची रेघ मीच आखून दिली आहे.

ठरलं ते असं. रविवारी संध्याकाळी पाचच्या आत माझे दहा अनोळखी झाले, तर समाजकेंद्रातल्या पंखा-नाचाच्या वर्गाचा विषय ती जन्मात काढणार नाही. नाही झाले, तर सोमवारी सकाळी आठला मी त्या वर्गात, हातात गुलाबी पंखा.

मला तिची कीव आली. एकतीस वर्षं शाळेत शिस्तप्रमुख होतो. माणसं हाताळणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.००
संकल्प: जेवणाआधी दहा. मग घरी येऊन झोप.

संध्याकाळी ६.००
शून्य.

कारणं: (१) ऊन. (२) लोकांना वाचनाची सवय राहिलेली नाही. बाकीचे लोक फाटक्या पुठ्ठ्यावर ‘घुबड हवंय, कोल्हा देतो’ एवढंच खरडून उभे होते. मी पांढरा फळा नेला होता, त्यावर ब्रशनं सुवाच्य अक्षरात सात अटी. एका वेळी एकानेच यावे. आधी वाकून नमस्कार करावा. तोंडात सुपारी असू नये. वगैरे. शेकडो लोकांनी फळा पाहिला. एकानं तर फोटो काढला आणि मित्रांना पाठवला. ते सगळे मिळून आले, वाचलं, अतिशय आनंदी चेहऱ्यानं निघून गेले.

बी-युन फक्त छत्री धरायला आली होती. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही. प्राण्यांना ‘तो लाल’, ‘तो केसाळ’ म्हणते. सोबत पेरूच्या फोडी, वर आलुबुखाराची पूड. येणाऱ्याजाणाऱ्याला, घ्या हो ताई, घे रे बाळा, चालूच. दिवसअखेर तिच्या यादीत चौदा नवी माणसं. याला काही पद्धत म्हणत नाहीत.

८ मार्च, शनिवार. सकाळी ७.००
सुधारित लक्ष्य: पंधरा. राखीव पाच असलेले बरे. शिट्टी बरोबर घेतली.

संध्याकाळी ६.१५
तीन! खातं उघडलं.

पहिली होंग-ई, माझी जुनी विद्यार्थिनी. त्या काळी मुलींचे केस कानाखाली जाऊ द्यायचे नाहीत हा नियम, आणि तिचे मी स्वतः पट्टीनं मोजायचो. आता कमरेपर्यंत आहेत. मला बघताच तिनं ते भराभर कॉलरमध्ये कोंबले. चाळीस वर्षांची बाई आहे. संपूर्ण अदलाबदल तिनं सावधानमध्ये उभं राहून केली. म्हणाली, सर, तुम्ही अजून माझ्या स्वप्नात येता. मला गहिवरून आलं. शिक्षकाला आणखी काय हवं?

दुसरी आणि तिसरी तिच्या मैत्रिणी. त्यांना तिनं मागून ढकललं.

नंतर होंग-ई आणि बी-युन तासभर झाडाखाली बसून हसत होत्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. कौतुक चाललं असणार.

शिट्टी जप्त झाली. बागेचे वॉचमन म्हणाले, आजोबा, इथं लहान मुलं घाबरतात. आजोबा!

९ मार्च, रविवार. सकाळी ७.००
उरले फक्त सात. डावपेच बदलला: शिट्टी नाही, फळ्याचीही सक्ती नाही.

दुपारी २.३०
नऊ! एकूण नऊ!

बी-युननं फळा गवतावर पालथा घालून त्यावर पेरू मांडला. सहा जण आले, खाल्ला, आणि ती म्हणाली, आता आमच्या ह्यांच्याशीपण एक करा हो, मनानं चांगले आहेत. केली त्यांनी. बी-युनला वाटतं हे पेरूमुळे झालं. पण पेरू कशावर ठेवला होता? माझ्या फळ्यावर.

दुपारी ३.४०
शब्दच सुचत नाहीत.

दहावा माणूस स्वतःच्या पायानं चालत आला. इथं चिनी शिकायला आलेला हॉलंडचा ताडमाड मुलगा. म्हणाला, काका, माझ्याकडे दोन सोनेरी कोल्हे आहेत, एक तुम्हाला देतो, बदल्यात काहीही चालेल, तो उंदीरही चालेल. सोनेरी कोल्हा! सभ्य माणूस अशा वेळी काय म्हणतो? मी म्हटलं, छे छे, नको नको, एवढं मोठं मी कसं घेऊ? आता त्यानं आग्रह करायचा. मी पुन्हा नको म्हणायचं. त्यानं पुन्हा आग्रह करायचा, हात धरायचा, आणि तिसऱ्या वेळेला मी नाइलाजानं घ्यायचा. जगाची रीत आहे.

तो म्हणाला, बरं. आणि गेला.

माझा हात ‘नको नको’ करत तसाच हवेत. बी-युन म्हणाली, त्या बिचाऱ्याच्या पुस्तकात तो धडा अजून आला नसेल. मी धावलो नाही, शिस्तप्रमुख बागेत धावत नाही, पण पुष्कळ भराभर चाललो. तोवर तो सायकलवरून दिसेनासा झाला.

संध्याकाळी ५.३०
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

चारनंतर बाग रिकामी व्हायला लागली. कुत्रीवाल्या मावशी म्हणाल्या, उशीर झाला हो. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, माझा फोन बंद पडलाय. दोन पोरी मला येताना पाहूनच उठल्या. स्क्रीनवर नऊ चौकोन भरलेले आणि दहावा मोकळा. खरं सांगतो, मला भीती वाटली. पंख्याची भीती नव्हती ती. एवढी माणसं होती बागेत, आणि मला एक मिळेना.

बाकावर जाऊन बसलो. फळा मांडीवर. बी-युन शेजारी येऊन बसली. तिनं शेवटची फोड मला दिली, मग फोन काढला, बोटानं काहीतरी खुडबुड केली. माझ्या यादीतून तिचं नाव गेलं. कालपर्यंत ६९९ होते, आज ७०० पुरे झाले होते.

म्हणाली, घ्या, झाले मी अनोळखी.

४.५१. मी ताबडतोब मैत्रीची विनंती पाठवली. तिच्या फोनवर प्रश्न आला: ही व्यक्ती अनोळखी आहे, मैत्री करायची? ती प्रश्न वाचत बसली. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा प्रश्न वाचला. चष्मा पुसला. लग्नाच्या वेळीसुद्धा हिनं एवढा वेळ घेतला नव्हता. तेव्हा हिच्या आईनं विचारलं आणि ही चहा ओतता ओतता हो म्हणाली होती, चौतीस वर्षं झाली त्याला.

४.५५. मी म्हटलं, अगं, दाब की.

म्हणाली, अनोळखी माणसाशी असं बोलतात? आणि अदलाबदलीच्या अटी असतात ना? फळा माझ्या मांडीवरून उचलला, सातही अटी ओल्या रुमालानं पुसल्या आणि म्हणाली, माझी एकच: सोमवारी आठला वर्गात.

मी म्हटलं, मग मी पैज जिंकून उपयोग काय?

म्हणाली, जिंकलं कोण?

४.५८. बागेचा भोंगा वाजायला दोन मिनिटं. मी मान्य म्हटलं. एकदाही नको म्हटलं नाही. तिनं ‘हो’ दाबलं. मी तिला उंदीर दिला, तिनं मला तो केसाळ दिला.

चंद्रकासव मिळालं.

१० मार्च, सोमवार. सकाळी १०.००
वर्गात तेवीस बायका. पुरुष दोन: मी, आणि कालचे फोन बंद पडलेले आजोबा. त्यांचा फोन चांगला शंभर टक्के चार्ज होता. मला बघून त्यांनी पंखा तोंडासमोर धरला.

शिकवणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माझ्यावर अकरा वेळा ओरडल्या, लाय सर, डावा हात, तुमचा डावा! तो मळ कुठं गेला कोण जाणे. वर्गात रांग अशी नाहीच. पुढच्या सोमवारी खडू नेणार.

चंद्रकासव दिवसभर झोपतं.

मित्रयादी उघडली. दहा नावं. सगळ्यांत खाली, सगळ्यांत नवीन: बी-युन, मैत्रीचा १ दिवस.