मधली एक ओळ

वांदो बेट, ३ सप्टेंबर १९९१

चि. मिरानला अनेक आशीर्वाद.

विसरली असशील म्हणून सांगते, मी तुझ्या बापाची आई. अजून जिवंत आहे. विद्यापीठात डोक्यात एवढं भरतात की आजी बाहेर सांडली असेल. पत्र नेहमीसारखं गावच्या ओ मास्तरांकडून लिहवून घेते आहे. शब्द माझे, अक्षर त्यांचं.

तुझी आई म्हणते, तुझ्या सिद्धतेत भोक सापडलं म्हणून तू शिक्षण सोडून नोकरी धरणार. लाडके, भोक पडलं म्हणून कोणी समुद्र सोडत नाही. साठ वर्षं समुद्री शेवाळ धरायच्या जाळ्या सांधल्यात मी. भोक कसलं ते मला कळेल असं लिही. परीक्षेपर्यंत शेवाळ पाठवणार नाही. त्याचं सूप प्यायलं की परीक्षेत पाय घसरतो म्हणतात. सोबत तांदळाची चिकट मिठाई, यॉत, आहे, ती खा आणि चिकटून राहा.

तुझी आजी

दाएजॉन, १५ सप्टेंबर

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

विसरले नव्हते गं, लाजले होते. माझा विषय संगणकाचा, पण काम सगळं कागद-पेन्सिलीचं. एक तपासनीस आहे, त्याला फारसं काही येत नाही. दोन साक्षीदार आहेत, सगळं जाणणारे पण लबाड. त्यांना वेगवेगळं बसवून, मोजके प्रश्न विचारून खरं-खोटं ओळखायचं. माझ्या मार्गदर्शकांनी, ऱ्यू सरांनी, एकोणिसाव्या पानावर बोट ठेवलं: माझा तपासनीस दोघांनाही सगळेच प्रश्न विचारतो. मग सगळे ऐकून दोघंही आधी ठरल्याप्रमाणे तीच सोयीची उत्तरं बेततात. वीस नोव्हेंबरला परीक्षकांपुढे उभं राहायचंय. नाही जमलं तर चार वर्षं पाण्यात.

तुझी मिरान

वांदो, २८ सप्टेंबर

चि. मिरानला आशीर्वाद.

तो काही न येणारा तपासनीस म्हणजे मीच की. मला अक्षर येत नाही, मग मास्तर मी सांगते तेच लिहितात कशावरून? पूर्वी मी पत्र त्यांच्याकडून आणि तेलघाणीवाल्या दॉकसुनकडून पूर्ण वाचून घ्यायची. ती मास्तरांची मेहुणी. दोघं सारखंच गोड वाचायची.

मग शहाणी झाले. मास्तरांना सगळं वाचायला लावते, दॉकसुनला मधली एकच ओळ. मागचं-पुढचं फडक्यानं झाकते. कोणती ओळ, ते तेलघाणीची पायरी चढताना ठरवते. मागचं-पुढचं दिसलं नाही तर लबाडी जोडणार कशाला? मागच्या पत्रात मी 'गाढवे' म्हणाले होते, मास्तरांनी 'लाडके' लिहिलं. वाचताना मात्र 'गाढवे'च वाचलं. दॉकसुननं त्या ओळीत 'लाडके' वाचलं, तिथं मास्तर सापडले. खाडाखोड नको म्हणून तसंच टाकलं. आत्ता हे लिहिताना कान लाल झालेत त्यांचे.

तुझी आजी

दाएजॉन, २२ नोव्हेंबर

ती. आजीस कृ. सा. न. वि. वि.

झालं! परवा परीक्षकांनी पास केलं. एकाला सगळे प्रश्न, दुसऱ्याला त्यातला एकच, चिठ्ठी टाकून काढलेला. नीट मांडायला दीड महिना गेला, पण भोक बुजलं. ऱ्यू सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही युक्ती कुणाची?" मी म्हटलं, अक्षर न येणाऱ्या एका बाईची. ते हसले नाहीत. तुझं नाव विचारून घेतलं आणि प्रबंधात आभारांत घालायला लावलं. नोकरीचा अर्ज फाडला. तुला काय पाठवू?

तुझी मिरान

वांदो, २ डिसेंबर

गाढवे (हे दॉकसुनकडून तपासून घेतलंय), तुला पोतंभर आशीर्वाद.

प्रबंध आणशील तेव्हा माझं नाव तेवढं उघडं ठेव, बाकीचं झाकून दाखव. तेवढी एक ओळ मी बोटानं वाचीन. आता शेवाळ पाठवते, खुशाल सूप पी. माया आहेच, ती काय दर पत्रात मागायची?

आगगाडीत मिळणाऱ्या त्या अक्रोडाच्या वड्या पाठव, दाताला मऊ लागतात. मास्तर पुढच्या आठवड्यात तिकडे येताहेत, डबा त्यांच्याच हाती दे. पण आत किती वड्या आहेत, ते दॉकसुनला वेगळं कळव.