अंगणातली फोडलेली फरशी

अंगण बघून तू ओरडशील, म्हणून आधीच लिहून ठेवते: बाबांची फरशी मीच फोडून घेतली. तू नको म्हणाला होतास, हे माझ्या पक्कं लक्षात आहे.

सेप्टिक टाकीचं तोंड फरशीखाली दोन हात खोल होतं. पाहुण्यांना दिसू नये म्हणून बाबांनीच ते पुरलं होतं. टाकी तुंबली, उपसायला आलेल्या माणसाला झाकण सापडेना, आणि आई चार दिवस दुखऱ्या गुडघ्यांनी, काठी टेकत शेजाऱ्यांच्या संडासात जात राहिल्या. तू मात्र "बाबांची आठवण आहे" हेच धरून बसलास.

आज टाकी उपसून झाली. गवंड्याने सिमेंटच्या दोन रिंगा चढवून तोंड जमिनीबरोबर आणलंय, वर बोल्टचं घट्ट झाकण बसवलंय. सिमेंट ओलं आहे, उद्यापर्यंत त्यावर स्कूटर चढवू नकोस. आम्ही दोघी ताईकडे आहोत. जेवण झाकून ठेवलंय.

भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण आधी आईंशी. गवंडी कचरत होता, तेव्हा खुर्चीत बसून पहिली पहार त्यांनीच मारली. म्हणाल्या, "ह्यांनी जन्मभर पाहुण्यांचीच सोय बघितली."