दिशा फिरवायच्या राहिल्या

प्रिय शहाण्या,

लहानपणी हे नाव तुला लाडानं ठेवलं होतं, आज रागानं लिहितेय. बाबांचा हात कसा आहे हे तू अजून विचारलेलं नाहीस, म्हणून आपणहून सांगते. उजव्या तळव्यावरचे फोड फुटलेत, बोटं मिटत नाहीत. आई घास भरवते तेव्हा ते लाजून भिंतीकडे बघतात. तू मात्र 'कामात आहे' एवढा निरोप पाठवून मोकळा झालास.

ज्या कारखान्यात बाबांनी चाचणीच्या खोलीत हयात काढली, तिथंच तू वरच्या मजल्यावर काँप्युटरसमोर बसतोस, याचा त्यांना केवढा तोरा! भट्टीच्या नव्या झाकणाचं गणित तू केलंस. बाहेरून कोमट राहील, उघड्या हातानं उचललं तरी चालेल, असं तूच लिहून दिलंस. पोरानं लिहिलंय म्हटल्यावर बाबांनी हातमोजे बाजूला ठेवले आणि झाकण उचललं. आणि अपघाताच्या अहवालात तू काय लिहितोस? 'हाताळणाऱ्याचा निष्काळजीपणा.' हाताळणारा! अरे, बाप आहे तो तुझा.

मीही उष्णतेचं गणित मांडणारं तुझ्यासारखंच सॉफ्टवेअर चालवून पोट भरते, तेव्हा मला शेंडी लावू नकोस. 'ताई, चित्र बघ किती देखणं आलंय,' म्हणून झाकणाचं ते काँप्युटरवरचं मॉडेल तूच मला पाठवलं होतंस. काल ते उघडून बसले. झाकण कार्बनच्या थरांचं. थरांच्या बाजूनं उष्णता सुसाट पळते, थर ओलांडून जायचं म्हटलं की अडते. म्हणून प्रत्येक दिशेला वेगळा आकडा द्यावा लागतो, आणि ते आकडे तू अगदी बरोबर दिलेस. पण पुढे मॉडेलमध्ये झाकण भट्टीच्या सांगाड्यावर बसेना, तेव्हा तू ते आडव्याचं उभं केलंस आणि मटेरियलच्या थरांच्या दिशा होत्या तिथंच सोडल्यास. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेवढंच ऐकतं. त्याच्या लेखी थर उष्णतेला आडवे पडलेले. खऱ्या झाकणात ते आतून थेट बाहेरपर्यंत गेलेले. पडद्यावर सगळं निळंशार, म्हणजे थंडगार, आणि बाबांच्या हातात निखारा.

चुकीचा मला राग नाही, चूक कुणाचीही होते. पण अपघातानंतर फोनवर तू अगदी सहज विचारल्यासारखं विचारलंस, की भाग फिरवला की दिशा आपोआप फिरतात का गं? मी नाही म्हटलं. तू लगेच हवापाण्याच्या गप्पा मारल्यास. आणि तो अहवाल दिलास त्यानंतर, दुसऱ्याच दिवशी! म्हणजे सगळं कळून सवरून तू स्वतःच्या चुकीचं खापर बापाच्या डोक्यावर फोडलंस. लाज कशी वाटली नाही रे तुला?

आज मी बाबांना हे सगळं समजावून सांगायला गेले. त्यांनी मला अर्ध्यातच थांबवलं. म्हणाले, 'कळलंय गं मला. त्याचं नाव खराब व्हायला नको. माझी नोकरी संपतच आलीय.' उद्या सकाळी चौकशीत ते चूक आपली होती असं लिहून देणार आहेत. मी कितीही भांडले तरी ऐकत नाहीत. उजव्या हातात पेन धरवत नाही, म्हणून आत्ता खिडकीशी बसून डाव्या हातानं सही गिरवतायत. त्यांच्या आधी तू तिथं पोच.

तूर्तास तरी तुझीच,
ताई