हत्तीचा आवाज

प्रिय भोंग्यास,

अनेक आशीर्वाद देण्याइतका मी तुझ्याहून मोठा नाही, म्हणून सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे अजून आहेत, एवढंच.

तिसऱ्या बाकावरचा तुझा तो आवाज सकाळपासून कानात घुमतोय. सगळा वर्ग तालात कविता म्हणत होता, ओळीच्या मध्यावर श्वासाला थांबला, आणि नेमक्या त्या शांततेत तू काखेत तळहात दाबून... (गुरुजी फळ्याकडे वळले, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले होते.)

आठवायचं कारण आमची नात भिंगरी, वय वर्षं चार. लेकीने तिला रविवारपर्यंत आमच्याकडे ठेवलंय. मी हौसेने शाळेतल्या कविता म्हणायला लागलो, तर पहिल्याच कडव्याला ती पलंगाखाली गेली. बाहेर आली ती चित्रांचं पुस्तक घेऊन. त्यात शीच्या भांड्यावर बसलेला हत्ती, आणि खाली:

हत्ती बसला भांड्यावर,
सोंड ठेवली मांड्यांवर,
डोळे मिटून जोर दिला...

पुढे शब्दच नाहीत, नुसता पानभर तपकिरी ढग! नाक मुरडत मात्रा मोजल्या, तर प्रत्येक ओळीत चौदा भरल्या की रे! मग मात्र कुतूहल चाळवलं. ढगाच्या जागी मी तोंडाने आवाज काढला.

"आजोबा, ही मोटार झाली," भिंगरी म्हणाली. पुन्हा काढला, तर तिने पुस्तकच मिटलं. "राहू दे. आमच्या घरी हत्ती बरोबर वाजतो."

त्यांच्या घरी वाजवणार कोण? विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. तिथे कुकरसुद्धा हात वर करून शिट्टी देतो. (मी त्यांच्यासमोर शिंकही गिळतो.) पण रविवारपर्यंत जमलं नाही, तर पोर पुन्हा माझ्या मांडीवर पुस्तक घेऊन बसायची नाही. म्हणून दुपारी सदरा काढून आरशासमोर सराव केला. बायकोने पाहिलं आणि खांद्याला चोळायचं तेल ठेवून गेली.

तुझा बाकसोबती

ता. क. खरं काम हे, की तळहात कोरडा ठेवायचा की ओला? उलट टपाली कळव.

ता. क. २. कळवू नकोस. आत्ताच दाराबाहेरून करड्या आवाजात ऐकू आलं, "डोळे मिटून जोर दिला", मग श्वासाएवढी शांतता, मग तो! थेट तिसरा बाक! भिंगरी "हत्ती आला" म्हणत धावली. मी तसाच उघडा, हात काखेत, दार उघडलं. समोर विहीणबाई. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "काख नको, व्याही. दोन तळवे. आणि किंचित ओले."